बास्केटबॉलचे जनक : डॉ. जेम्स नेस्मिथ

मैदानावर पंचाची शिट्टी वाजली म्हणजे ज्याच्याविरुद्ध ती वाजते त्यास ती बहुधा अन्यायाचीच वाटते. गेल्या हिवाळ्यात आंतरशालेय बास्केटबॉल सामन्यात आमच्या संघावर असाच प्रसंग ओढवला. सामना संपावयास काही क्षणच उरले होते आणि आम्ही एका गुणाने मागे होतो. आमच्या एका गड्याने रिंगणाजवळ चेंडू झेलला, डाव्या पायावर एक गिरकी घेतली, आणि आता तो चेंडू टाकणार इतक्यात शिट्टी वाजली. डावा पाय वीतभर सरकला होता. चेंडू प्रतिपक्षाकडे गेला आणि सामनाही गेला. परतीच्या वाटेवर आम्ही पंचास यथेच्छ नावे ठेविली, आणि खरे सांगावयाचे तर आमच्या त्या गड्यालाही ठेविली. आमचे व्यायामशिक्षक सर्व शांतपणे ऐकत होते. अखेर त्यांनी आम्हांस एवढेच विचारले, की चेंडू हातात घेऊन धावू नये हा नियम मुळात केला कोणी आणि कशासाठी? नियम आम्हांस पाठ होता, परंतु त्याचे कारण कोणालाच सांगता आले नाही. त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही ज्या पुरुषाच्या चरित्रापाशी येऊन पोहोचलो, त्याची ओळख वाचकांस करून द्यावी, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

जेम्स नेस्मिथ यांचा जन्म 6 नोव्हेंबर 1861 रोजी कॅनडा देशातील ऑन्टारिओ प्रांतात, आल्माँट या गावाजवळ झाला. घराणे मूळचे स्कॉटलंडचे. प्रदेश थंडीचा आणि जंगलाचा. लाकूडतोड हाच तिकडील मोठा धंदा. जेम्स नऊ वर्षांचा होण्याच्या सुमारास त्या भागात विषमज्वराची साथ आली. 1870 च्या शरदऋतूत अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने त्याचे वडील आणि आई दोघेही त्या साथीस बळी पडले. आई गेली तो दिवस जेम्सच्या नवव्या वाढदिवसाचा होता. पुढे आजीने आणि तिच्यामागून अविवाहित मामा पीटर यंग यांनी या पोरक्या भावंडांचा सांभाळ केला. मामा शिस्तीचे कडक, परंतु मनाचे सरळ होते. जी गोष्ट हाती घेतली ती स्वतःच निस्तरावयाची, कोणी सोडवावयास येईल अशी वाट पाहावयाची नाही, हे शिक्षण त्या मुलास घरीच मिळाले.

गावच्या एकखोली शाळेत जेम्स अभ्यासात फारसा चमकला नाही, पण शाळेमागच्या लोहाराच्या भट्टीजवळ मुले जो खेळ खेळत त्यात मात्र तो रमे. एका मोठ्या खडकावर मुठीएवढा दगड ठेवावयाचा, एका मुलाने त्याची राखण करावयाची, आणि बाकीच्यांनी दुरून आपापले दगड मारून तो खाली पाडावयाचा. त्यास तिकडे दगडावरचे बदक असे म्हणत. आपल्याकडील लगोरीची आठवण करून देणारा हा खेळ. त्यात एक खुबी होती. दगड जोराने सरळ फेकला आणि नेम चुकला, तर तो फार दूर जाई. तो आणावयास जाईपर्यंत राखण करणारा गडी पकडावयास टपलेला असे. उलट दगड हलक्या हाताने कमानीसारखा वर उडविला, तर तो नेमका खडकावर पडे आणि चुकला तरी जवळच राही. जोरापेक्षा अंदाज बरा, हा धडा त्या वयात कोणी शब्दांनी शिकविला नाही. तो हाताला आपोआप शिकावयास मिळाला. पुढे वीस वर्षांनी तो कामास येणार होता.

वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास जेम्सने शाळा सोडली आणि लाकूडतोडीच्या तळांवर मजुरी धरली. चार-पाच वर्षे कुऱ्हाड चालविल्यावर त्यास आपली चूक उमगली. वीस वर्षांचा दांडगा तरुण पुन्हा हायस्कुलात जाऊन लहान मुलांच्या शेजारी बाकावर बसला, हे आम्हांस त्याच्या चरित्रातील फार मोठे धैर्य वाटते. 1883 मध्ये त्याने माँट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात प्रवेश घेतला. धर्मोपदेशक व्हावे हा हेतू. पदवी घेतल्यावर तेथीलच प्रेस्बिटेरियन महाविद्यालयात त्याने धर्मशास्त्राचा अभ्यास केला आणि 1890 मध्ये तो पुरा केला.

परंतु याच काळात नेस्मिथ यांस खेळांची गोडी लागली. व्यायामशाळा, रग्बी फुटबॉल, लक्रॉस या सर्वांत ते पुढे असत. धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याने धसमुसळ्या फुटबॉलात भाग घ्यावा हे त्यांच्या सहाध्यायांस मुळीच रुचत नसे. एका सामन्यात त्यांच्या शेजारी खेळणाऱ्या गड्याचा तोल सुटला आणि तोंडून अपशब्द गेला. पण शेजारी नेस्मिथ उभे आहेत हे ध्यानात येताच तो ओशाळला आणि त्याने क्षमा मागितली. नेस्मिथ यांनी त्यास कधी उपदेश केला नव्हता. ते केवळ बरोबरीने, सचोटीने खेळत असत. माणसाला चांगले वळण लावावयाचे तर व्यासपीठापेक्षा मैदानही कमी उपयोगी नाही, हा विचार त्या प्रसंगाने त्यांच्या मनात रुजला. धर्मोपदेशकाची वाट बाजूस ठेवून 1890 मध्ये ते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड येथे गेले. तेथे वाय. एम. सी. ए. या संस्थेचे शिक्षक तयार करणारे विद्यालय होते. प्रथम विद्यार्थी आणि नंतर शिक्षक म्हणून ते तेथे राहिले.

आता त्या प्रसिद्ध हिवाळ्याकडे वळू. 1891 चे साल. शरदऋतूत मुले मैदानावर फुटबॉल खेळत आणि उन्हाळ्यात बेसबॉल; पण मधले चार महिने बाहेर बर्फ साचलेले असे. त्या काळात दालनात कवायत, लाकडी मुगदर आणि झुले यांवरच भागवावे लागे. अठरा जणांचा एक वर्ग या रटाळ व्यायामास अगदी विटला होता. हे काही लहान विद्यार्थी नव्हते. संस्थेच्या शाखांचे चिटणीस होण्यासाठी आलेले प्रौढ तरुण होते. त्यांच्यापुढे दोन शिक्षकांनी हात टेकले होते. विद्यालयातील शारीरिक शिक्षणाचे प्रमुख डॉ. ल्यूथर ग्युलिक यांनी हा वर्ग नेस्मिथ यांच्या गळ्यात घातला, आणि दालनात, दिव्याच्या उजेडात खेळता येईल असा नवा खेळ शोधून काढण्यास चौदा दिवसांची मुदत दिली.

पहिले काही दिवस नेस्मिथ यांनी माहितीचे खेळच दालनात आणून पाहिले. रग्बी आणला तो लाकडी फरशीवर हाडे मोडण्याचा प्रसंग आला. पायाने खेळावयाचा फुटबॉल आणला तो खिडक्यांच्या काचांवर गदा आली. लक्रॉसच्या काठ्या तर एकमेकांच्या हातातोंडावर बसू लागल्या. मुदत संपत आली आणि वर्ग पुन्हा कंटाळला. तेव्हा नेस्मिथ यांनी खेळांची नक्कल करणे सोडले आणि ते खेळांचा विचार करू लागले.

त्यांच्या विचाराची साखळी आम्हांस फार मनोरंजक वाटली, म्हणून ती क्रमाने देतो. सर्व लोकप्रिय खेळांत चेंडू असतो. तेव्हा चेंडू हवाच. लहान चेंडूस बॅट किंवा काठी लागते आणि काठीने इजा होते. तेव्हा चेंडू मोठा, हातांनी खेळण्याजोगा हवा. मग हाताने खेळावयाच्या मोठ्या चेंडूचा रग्बी दालनात का खेळता येत नाही? कारण त्यात गडी एकमेकांस कवळून खाली पाडतात. का पाडतात? कारण चेंडू घेतलेला गडी धावत सुटतो, आणि धावणाऱ्याला अडविण्यास त्यास पाडण्यावाचून दुसरा उपाय नसतो. येथे त्यांस गुरुकिल्ली सापडली. चेंडू हातात असलेल्या माणसास धावूच दिले नाही, तर त्यास पाडण्याचे कारणच उरणार नाही. त्याने जेथे चेंडू झेलला तेथेच थांबावे आणि तेथून तो कोणत्याही दिशेस सोबत्याकडे फेकावा.

म्हणजे ज्या नियमाखाली आमचा सामना गेला, तो नियम या खेळाला मागाहून जोडलेला अडसर नव्हे. तो या खेळाचा पायाच होय. तो आधी सुचला आणि टोपली नंतर सुचली! हुतूतूत दम धरण्याचा नियम काढून टाकला तर जी नुसती झोंबाझोंबी उरेल, तीच गत या नियमावाचून बास्केटबॉलची होईल.

पुढचा प्रश्न लक्ष्याचा. गोल जमिनीवर उभा ठेवला तर चेंडू जोराने मारला जाणार आणि पुन्हा इजा होणार. येथे नेस्मिथ यांस गावच्या लोहाराच्या भट्टीजवळचा खडक आठवला. लक्ष्य आडवे आणि उंच ठेवले, तर चेंडू कमानीसारखा हलकेच टाकावा लागेल; तेथे बळाचे काही चालणार नाही. त्यांनी इमारतीचे देखरेखदार स्टेबिन्स यांच्याकडे दोन चौकोनी खोकी मागितली. खोकी नव्हती, पण पीच फळांच्या दोन टोपल्या पडून होत्या. त्या दालनाच्या दोन टोकांस सज्जाच्या कठड्यास ठोकल्या. कठडा जमिनीपासून 10 फूट उंच होता, म्हणून टोपलीही 10 फुटांवर बसली. जगातील लहानथोर सर्व सामन्यांत प्रौढ गड्यांसाठी रिंगणाची उंची आजही तेवढीच आहे. तेरा नियमांचा कागद कार्यालयातून टंकलिखित करून घेतला, फलकावर टाचला, आणि 21 डिसेंबर 1891 रोजी प्रत्येक बाजूस नऊ गडी घेऊन फुटबॉलच्या चेंडूने पहिला सामना झाला. त्यात एकच चेंडू टोपलीत पडला. तो विल्यम चेस याने सुमारे 25 फुटांवरून टाकला होता. टोपलीस बूड होते, त्यामुळे चेंडू काढावयास कोणीतरी शिडीने वर चढावे लागे.

त्या तेरा नियमांतील तिसरा नियम आमच्या प्रश्नाचा होता. चेंडू घेऊन धावू नये, झेलला तेथूनच फेकावा, एवढे सांगून नेस्मिथ यांनी त्यास एक सवलत जोडली होती. वेगाने धावत असता ज्याने चेंडू झेलला, तो थांबण्याचा प्रयत्न करीत असेल, तर त्यास थोडी मुभा द्यावी. धावता माणूस झाडासारखा जागच्या जागी थबकू शकत नाही, हे त्या मैदानावरच्या माणसास ठाऊक होते. नियमभंगाची शिक्षा मात्र आजच्यापेक्षा कडक होती. चेंडू घेऊन धावणे हा त्या वेळी फाऊल गणला जाई, आणि एका बाजूचे लागोपाठ तीन फाऊल झाले, मध्ये प्रतिपक्षाचा एकही झाला नाही, तर प्रतिपक्षास फुकटचा एक गोल मिळे.

1939 च्या जानेवारीत, म्हणजे आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, नेस्मिथ यांनी न्यूयॉर्कच्या एका रेडिओ-कार्यक्रमात या पहिल्या दिवसांची आठवण सांगितली. प्रारंभी नियम अपुरे होते, गडी एकमेकांवर तुटून पडले, हाणामारी झाली, आणि चेंडू घेऊन धावण्याची बंदी हाच पुढे सर्वांत महत्त्वाचा नियम ठरला, असा तिचा आशय होता. फलकावरच्या कागदात ही बंदी प्रथमपासून लिहिलेली दिसते, तेव्हा वार्धक्यातील आठवणीत काही मागेपुढे झाले असावे. पण दोन्ही वृत्तांतांचे तात्पर्य एकच. दांडगाई थांबली ती याच नियमाने.

आता हा नियम पुढे कसा वाढला ते सांगितले पाहिजे, कारण आज पंच जी शिट्टी वाजवितात ती त्या जुन्या सवलतीच्या पोटातूनच जन्मली आहे. थोडी मुभा म्हणजे किती? एक पाऊल की दोन? आणि जागेवर उभे राहावयाचे म्हणजे दोन्ही पाय चिकटवूनच ठेवावयाचे काय? खेळाडूंनी पाहिले की एक पाय जमिनीस खिळवून ठेवला आणि दुसरा हवा तसा फिरविला, तर जागा न सोडताही तोंड चारी दिशांस वळविता येते. असा जो पाय खिळलेला राहतो त्यास पिव्हट पाय म्हणतात. वर्तुळ काढताना कंपासाचे टोक कागदावर रुतलेले असते आणि पेन्सिल फिरते, तसाच हा प्रकार. टोक सरकले की वर्तुळ बिघडले. पाय सरकला की ट्रॅव्हलिंग झाले.

कोणता पाय पिव्हट ठरतो याविषयी आमच्यातही फार घोटाळा होता. नियम असा आहे. दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले असता चेंडू हाती आला, तर खेळाडूने एक पाय उचलताक्षणी दुसरा पिव्हट झाला. म्हणजे निवड त्याची, पण ती एकदाच. उडी मारून चेंडू झेलला आणि एक पाय आधी टेकला, तर तो आधी टेकलेला पायच पिव्हट. दोन्ही पाय एकदम टेकले, तर पुन्हा निवड खेळाडूची. पिव्हट पाय उचलण्यास बंदी नाही, परंतु उचलल्यावर तो पुन्हा जमिनीस टेकण्यापूर्वी चेंडू हातांतून सुटला पाहिजे. मग तो सोबत्याकडे जावो की रिंगणाकडे. चेंडूचे टप्पे देत निघावयाचे असेल, तर मात्र अधिक कडक अट आहे. पिव्हट पाय उचलण्यापूर्वीच चेंडू हातांतून सुटला पाहिजे. नवशिक्यांची चूक बहुधा येथेच होते, कारण पाय उत्सुक असतो आणि हात मागे राहतो.

धावत येताना झेललेल्या चेंडूस दोन पावलांची मुभा आहे. 2017 पासून आंतरराष्ट्रीय नियमांत हे अधिक स्पष्ट केले आहे. चेंडू ताब्यात येतो त्या क्षणी जो पाय जमिनीवर असेल तो मोजावयाचा नाही. त्यानंतर टेकेल ते पहिले पाऊल आणि पुढचे ते दुसरे. या दोन पावलांत थांबावे, चेंडू द्यावा, किंवा तो टोपलीकडे टाकावा. धडपडून पडलेला खेळाडू चेंडूसह घसरत गेला तर दोष नाही. पण चेंडू धरून तो लोळू लागला किंवा उठून उभा राहू लागला तर दोष आहे. आता या दोषास फाऊल गणीत नाहीत. चेंडू प्रतिपक्षास मिळतो आणि तो जवळच्या सीमेबाहेरून आत टाकतो, एवढीच शिक्षा.

आणि टप्पे? मूळ तेरा नियमांत टप्पे देत धावण्याचा उल्लेखच नाही. चेंडू घेतलेल्या गड्यास प्रतिपक्षाने चोहोकडून घेरले आणि सोबती मोकळा नसला, म्हणजे तो चेंडू मुद्दाम जमिनीवर सोडून देई आणि पुन्हा पकडी. त्यातूनच पुढे टप्पे देत सरकण्याची कला निघाली. नेस्मिथ यांस ती मनापासून आवडे. त्यांचा नियम मोडून नव्हे, तर पाळूनच खेळाडूंनी हा मार्ग काढला होता.

नव्या खेळाचे नियम जानेवारी 1892 मध्ये विद्यालयाच्या नियतकालिकात छापून आले आणि वाय. एम. सी. ए. च्या शाखांमधून हा खेळ देशोदेशी गेला. एका विद्यार्थ्याने त्यास नेस्मिथ यांचेच नाव द्यावे असे सुचविले, पण त्यांनी ते हसून नाकारले. तेव्हा टोपली आणि चेंडू या दोन शब्दांवरूनच नाव पडले. 11 मार्च 1892 रोजी शिक्षक आणि विद्यार्थी यांचा पहिला जाहीर सामना झाला, आणि तो विद्यार्थ्यांनी 5-1 असा जिंकला. जवळच्या शाळेतील शिक्षिकाही लवकरच हा खेळ खेळू लागल्या. त्यांपैकी मॉड शेरमन यांच्याशी नेस्मिथ यांचा 1894 मध्ये विवाह झाला. मूळच्या अठरा जणांपैकी इशिकावा हे जपानचे होते, आणि डंकन पॅटन हे 1894 मध्ये हा खेळ घेऊन आपल्या भारतात आले. पुढे 1920 मध्ये मद्रास येथे हॅरी क्रो बक यांनी वाय. एम. सी. ए. चे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय स्थापन केले, आणि तेथून शिकून बाहेर पडलेल्या शिक्षकांनी असे खेळ ठिकठिकाणच्या शाळांत नेले. 1980 मध्ये मॉस्को येथील ऑलिंपिकात भारताचा पुरुष संघही खेळला. स्प्रिंगफील्डच्या त्या दालनापासून आमच्या माळव्यातील मैदानापर्यंतची वाट ही अशी आहे.

1895 मध्ये नेस्मिथ डेन्व्हर येथे गेले. तेथे दिवसा व्यायामशाळा सांभाळून त्यांनी वैद्यकाचा अभ्यास केला आणि 1898 मध्ये ते डॉक्टर झाले. त्याच वर्षी लॉरेन्स येथील कॅन्सस विद्यापीठाने त्यांस शारीरिक शिक्षण आणि प्रार्थनामंदिर अशा दोन्ही कामांसाठी बोलाविले, आणि उरलेले सर्व आयुष्य त्यांनी तेथेच घालविले. विद्यापीठाचा संघही त्यांनीच उभारला. येथे चरित्रातील एक गमतीची गोष्ट घडली. 1907 पर्यंत त्यांच्या हाताखाली संघाने 55 सामने जिंकले आणि 60 हरले. त्या विद्यापीठाच्या प्रशिक्षकांत ज्याच्या विजयांपेक्षा पराजय अधिक, असा एकच, आणि तो म्हणजे खेळाचा जनक! हा खेळ शिकविण्याचा नसून खेळण्याचा आहे असे त्यांचे मत होते. त्यांचेच शिष्य फॉग ॲलन यांनी ते मानले नाही आणि पुढे ते अमेरिकेतील नामांकित प्रशिक्षक झाले. गुरूला याचा विषाद वाटला नाही. नेस्मिथ यांनी स्वतः हा खेळ आयुष्यात दोनदाच खेळला असे सांगतात. या शोधाचे त्यांनी पेटंट घेतले नाही, आणि जगभर पसरलेल्या या खेळावर संपत्तीही मिळविली नाही.

1916 मध्ये त्यांनी धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली, मेक्सिकोच्या सीमेवर कॅन्ससच्या पायदळाबरोबर राहिले, आणि पहिल्या महायुद्धात वाय. एम. सी. ए. च्या वतीने फ्रान्समध्ये सैनिकांची सेवा केली. 1925 मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले. त्यांच्या उतारवयातील एक शिष्य विशेष सांगण्याजोगा आहे. जॉन मॅकलेंडन हा कृष्णवर्णीय तरुण 1933 मध्ये कॅन्सस विद्यापीठात आला. वर्णामुळे विद्यापीठाच्या संघाचे दार त्यास बंद होते. हा अन्याय नेस्मिथ यांस दूर करता आला नाही, परंतु त्यांनी त्या तरुणास आपला शिष्य मानले, खेळाचे सारे ज्ञान दिले आणि त्याचा शिक्षणक्रम पुरा होईपर्यंत त्याची पाठ राखिली. ज्यास त्या विद्यापीठाच्या संघात खेळू दिले नाही, तोच पुढे अमेरिकेतील थोर प्रशिक्षकांत गणला गेला.

1936 मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकात बास्केटबॉलचा प्रथमच पदकांच्या खेळांत समावेश झाला. वृद्ध नेस्मिथ यांच्यापाशी प्रवासापुरता पैसा नव्हता. तेव्हा अमेरिकेतील प्रशिक्षकांनी सामन्यांच्या उत्पन्नातून थोडी थोडी रक्कम जमवून त्यांस पाठविले. वीसहून अधिक देशांचे ध्वज आपल्या खेळासाठी फडकताना त्यांनी पाहिले आणि पहिल्या सामन्याचा चेंडू स्वहस्ते उडविला. सामने उघड्यावर, मातीच्या टेनिस-मैदानावर होते. 14 ऑगस्टच्या अंतिम सामन्याच्या वेळी मुसळधार पाऊस पडला. चिखलात चेंडूचा टप्पा पडेना. तेव्हा जागेवर उभे राहून एकमेकांकडे चेंडू फेकण्यावाचून गत्यंतर उरले नाही. म्हणजे खेळ पुन्हा पंचेचाळीस वर्षांमागच्या त्या पहिल्या दिवसासारखा झाला! अमेरिकेने कॅनडास 19-8 असे हरविले. एक त्यांची कर्मभूमी, दुसरी जन्मभूमी. दोन्ही संघांस पदके देण्याचे भाग्य त्यांस लाभले.

1937 मध्ये ते निवृत्त झाले. त्याच वर्षी पत्नी मॉड निवर्तल्या. 1939 मध्ये त्यांनी फ्लॉरेन्स किंकेड यांच्याशी विवाह केला, परंतु हा सहवास अल्पकाळच टिकला. मेंदूतील रक्तस्रावाने 28 नोव्हेंबर 1939 रोजी लॉरेन्स येथे त्यांचे देहावसान झाले. खेळाच्या जन्माविषयी त्यांनी लिहिलेले पुस्तक त्यांच्या मागे, 1941 मध्ये प्रसिद्ध झाले. तेरा नियमांचे मूळ टंकलिखित कागद 2010 मध्ये लिलावात 43 लाख डॉलरांहून अधिक किमतीस विकले गेले, आणि ते आता कॅन्सस विद्यापीठातच ठेवले आहेत. ज्याने हयातीत या खेळापासून धन मिळविले नाही, त्याच्या दोन कागदांचे हे मोल!

हे सर्व वाचल्यावर आम्ही एक प्रयोग केला. एका संध्याकाळी मैदानावर टप्पे पूर्ण वर्ज्य करून, 1891 च्या रीतीने खेळलो. चेंडू झेलावा, थांबावे आणि द्यावा, एवढेच. पहिली दहा मिनिटे फार अडखळलो. मग एक गोष्ट सर्वांच्याच ध्यानात आली. ज्या दोन-तीन गड्यांकडे एरवी चेंडू कधीच जात नसे, त्यांच्याकडे तो वारंवार जाऊ लागला होता. कारण चेंडू घेऊन एकट्याने पळून जाण्याची सोय कोणासच नव्हती. ज्याच्या हाती चेंडू त्याने थांबले पाहिजे आणि थांबलेल्याने आपल्या सोबत्यांकडे पाहिले पाहिजे, हे आम्हांस त्या संध्याकाळी पटले.

आमचा तो गडी, ज्याचा पाय सरकला होता, सामन्यापासून मैदानावर येत नव्हता. पंचास नावे ठेवताना आम्ही त्यासही बोललो होतो आणि ते तो विसरला नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही सर्व मिळून त्याच्या घरी गेलो. पाय खरोखरच सरकला होता आणि पंचाचे काही चुकले नाही, हे त्याने आपण होऊन सांगितले. चुकले होते ते आमचे, हे मग आम्हीही कबूल केले. आता तो रोज येतो, आणि सरावाच्या आरंभी आम्हां सर्वांकडून पिव्हट पायाच्या पन्नास गिरक्या मोजून करवून घेतो.